ट्रेलरची वास्तुशांत

आमच्या ट्रेलरचं वास्तुशास्त्र निर्दोष होतं, म्हणूनच आम्ही मरता मरता वाचलो.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीहून लेक सुपिरिअर या तळ्याकाठी जायचं म्हणून गाडीमागे ओढायचा ट्रेलर भाड्याने घेतला. चाकांवरचं का होईना, घरच ते! नैऋत्य जड, ईशान्य मोकळी, हा नियम मला पाठ. (मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण शास्त्र ते शास्त्र.) प्रवास ईशान्येकडे, म्हणजे नैऋत्य आली पार मागे. तांदळाचं पोतं, पाण्याचे कॅन, आईचा इडलीचा दगडी ग्राइंडर, सगळं मागच्या भिंतीला रचलं. पुढे फक्त वीतभर गणपती.

"अरे, वजन पुढे ठेवतात. मागे ठेवलं की ट्रेलर झुलतो," माझी बायको मधुरा म्हणाली.

"तुला दिशा तरी कळतात का?" मी विचारलं.

तळं जवळ आलं तसं भरदुपारी धुकं उतरलं. झाडाचं पान हलत नव्हतं. आणि आरशात ट्रेलर डावीकडून डोकावला. मग उजवीकडून.

"निशू," मागच्या सीटवरून आई हळूच म्हणाली, "आपल्या मागे कुणीतरी चालतंय रे."

तेवढ्यात ट्रेलरच्या खिडकीचा पडदा सरकला. आत तर कुणीच नव्हतं! मी वेग वाढवला. (भुतापासून पळताना कुणी वेग कमी करतं का?) तसा ट्रेलर पिसाळलाच! आता तो आमच्या गाडीला हिसके देऊ लागला. शेजारून एक ट्रक भोंगा वाजवत गेला आणि आम्ही थेट पलीकडच्या लेनमध्ये.

"ब्रेक नको! अ‍ॅक्सिलरेटर सोड! स्टिअरिंग सरळ धर!" मधुरा किंचाळली.

मी तिचं ऐकलं असं म्हणवत नाही, भीतीने पायच अ‍ॅक्सिलरेटरवरून निसटला. वेग उतरला आणि ट्रेलर निमूट झाला. पुढच्या एक्झिटला कसाबसा थांबलो. तिघंही जिवंत होतो, एवढंच कळत होतं.

इतक्यात धुक्यात, उभ्या ट्रेलरमधून आवाज आला. टक. टक.

"तू बघ ना," मी मधुराला म्हणालो.

"मी का?"

"यार, तू धीट आहेस!"

शेवटी आईने दार उघडलं. वास्तुशांतीसाठी आणलेला नारळ घरंगळत आला आणि माझ्या पायावर पडला. मी अशी काही बोंब ठोकली, की आईसुद्धा दचकली!

मधुराने सगळं सामान उपसून ट्रेलरच्या पुढच्या भागात रचलं आणि मला न विचारता गाडीची किल्ली घेतली. ट्रेलर गरीब गायीसारखा मागून येऊ लागला. मी आईशेजारी बसून सारखा मान वळवत होतो.

"मागे काय बघतोस?" आई म्हणाली. "भूत तिथे नाहीये. माझ्या शेजारी बसलंय, आणि घाबरलंय बिचारं!"