बंद शेडमधले वीस अँपिअर

पुठ्ठ्याच्या मिलमध्ये सगळे त्याला दुप्पट म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं, पण सव्वीस वर्षांत ग्रीसच्या बोटांनी ते कार्डही काळं करून टाकलेलं. कामाने तो वायरमन. नवी मोटर आली की तिच्या पाटीवरचे किलोवॅट वाचायचा आणि लगेच बोलून मोकळा व्हायचा, "साडेसात? पंधरा अँपिअर. दुप्पट." इंजिनियर पोरं मोबाइल काढून व्होल्ट, वर्गमूळ, पॉवर फॅक्टर असं काय काय बडवत बसायची आणि शेवटी साडेचौदाच्या आसपास येऊन गप व्हायची. तोवर याने कानावरची पेन्सिल काढून पॅनेलच्या दारावर आतून आकडा टाकलेला असायचा.

"एका हाकेत ओ देत नाहीत," बायको सांगायची, "यांना हाकही दुप्पट लागते."

हे गणित त्याला शिकवलं ते वस्तादाने. वस्ताद म्हणजे मिलचा जुना वायरमन, बुटका, आवाज घोगरा. त्याने दोन धडे दिले. एक, किलोवॅटची दुप्पट. दुसरा, पॅनेलचं मोठं हँडल वर ढकलताना तोंड फिरवायचं. ठिणगी उडाली तर कान जळू दे, डोळे राहिले पाहिजेत. तिसरी एक खोड होती, ती त्याने शिकवली नाही, पण सगळ्यांनी बघितली होती. मोटरजवळच्या स्टार्टरचं हँडल लाइट गेली की आपोआप खाली पडतं, पडायलाच हवं, नाहीतर लाइट आली की मोटर आपसूक फिरू लागते. तीन नंबर शेडमधलं मात्र उगाच सारखं पडायचं, म्हणून वस्तादाने ते तांब्याच्या तारेने वर बांधून टाकलं होतं. तीन पीळ, आणि टोक आत वळवलेलं, बोटाला लागू नये म्हणून.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी लाइट गेलेली असताना वस्ताद त्याच शेडमधल्या मोटरच्या खड्ड्यात उतरला होता. लाइट आली. इकडे पॅनेलच्या खोलीत दुप्पटने तोंड फिरवून हँडल वर ढकललं. तार होतीच. वस्ताद खड्ड्यातून जिवंत वर आला नाही.

ती तार त्याने त्याच संध्याकाळी स्वतः कापली, स्टार्टरचं हँडल खाली पाडलं आणि तार कालव्यात फेकली. मालकाने शेडचं दार विटांनी चिणून घेतलं. त्यानंतर दुप्पटने तिकडे पाऊल टाकलं नाही. मुतारीला जायचा जवळचा रस्ता त्या भिंतीवरून होता, हा बाबा लांबून वळसा घालून जायचा.

आता शेड पाडायची ठरली. जुनी मोटर कापून काढायचं काम मिळालं वेल्डरला, म्हणजे त्याच्या सख्ख्या मेहुण्याला. बायकोने सकाळी डबा हातात देताना एवढंच म्हटलं, "माझा एकुलता एक भाऊ आहे. लक्ष ठेवा."

"त्याच्यावर तूच लक्ष ठेवलंस म्हणून तो असा झाला," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

दहा वाजता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विटा फोडल्या. आतून गार, कुजक्या लगद्याचा वास आला. मेहुणा कापायचं सामान घेऊन आत शिरला आणि अंधारातून ओरडला, "दाजी, या अंधाराशी लग्न लावताय का माझं? उजेड द्या की!"

उजेड द्यायच्या आधी शेडमधून एक फेरी मारायची, कुठे काय जोडलंय ते डोळ्यांनी बघायचं, हा वस्ताद गेल्यापासूनचा नियम. दुप्पटने तो एकदाच मोडला, तो आज. स्टार्टरचं हँडल मीच पाडलंय, म्हणाला, तार मीच कापलीय. पुन्हा काय बघायचं? खरं म्हणजे त्या उंबऱ्यात त्याचे पायच आले नाहीत. तो साठ पावलं चालून पॅनेलच्या खोलीत गेला, तोंड फिरवलं आणि तीन नंबरचं हँडल वर ढकललं.

परत वळून बघितलं तर अॅमीटरचा काटा विसावर उभा.

शेडमध्ये दहा दिवे. सगळे मिळून जेमतेम दोन किलोवॅट, दुप्पट धरली तरी चार अँपिअर. वीस कुठून आले? त्याने काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. मीटरखालचं बटण फिरवून तिन्ही फेज बघितल्या, तिन्हींवर वीस.

"अकरा वर्षं पडून होतं ते मीटर," मागून सुपरवायझर म्हणाला. "गंजलं असेल. तुम्ही पण ना, भूत शोधत बसता."

दुप्पटने गणित उलटं केलं. विसाचे निम्मे दहा. म्हणजे आत दहा किलोवॅटचं काम चाललंय. तसं असेल तर शेजारच्या युनिटच्या मीटरची चकती भिंगरीसारखी फिरायला हवी. ती तर म्हातारी देवळाला जावी तशी सावकाश फिरत होती. तीन किलोवॅट, फार तर साडेतीन. मग अॅमीटरच खोटा, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. सुपरवायझर हसलाही.

पण त्याचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला. वस्ताद एकदा जेवताना बोलला होता, "दुप्पट ही कष्टाच्या मोटरची. रिकाम्या मोटरला लावू नको. रिकामी मोटर म्हणजे घरजावई. ताट एक तृतीयांश भरून घेते आणि इकडची काडी तिकडे करत नाही."

करंट खातंय, काम करत नाही. विसाची तिप्पट साठ. साठचे निम्मे तीस. तीन नंबर शेडमध्ये तीस किलोवॅटची एकच मोटर होती.

ती खड्ड्यात फिरत होती. तिचा पट्टा कधीच काढून नेला होता, त्यामुळे नुसतीच फिरत होती. शेजारच्या शेडमधले पुठ्ठा दाबायचे रूळ दिवसभर घरघरतात, जमीन थरथरते, कुणाला ऐकू येणार? आणि मेहुणा पहिल्यांदा खड्ड्यातच उतरणार होता, मोटरच्या पायाचे चार बोल्ट कापायला.

हँडल खाली ओढायचं, तर दिवेही जाणार. मेहुणा खड्ड्याच्या काठावर असेल तर ठार अंधारात पाय कुठे टाकेल? आणि मोटर बंद झाली तरी तिची पट्ट्याची पुली लगेच थोडीच थांबते? न ओढावं तर चालत्या पुलीवर तो उजेडात उतरणार. दुप्पटच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला. मग त्याने हँडल ओढलं आणि टॉर्च घेऊन पळत सुटला. उंबरा कधी ओलांडला ते त्याला कळलंही नाही.

"कुठल्या गाढवाने दिवे घालवले?" आतून मेहुण्याचा आवाज.

"हलू नकोस! आहेस तिथे बस! पाय हलवू नकोस!"

टॉर्चच्या उजेडात मेहुणा दिसला. खड्ड्यावरचा पत्रा सरकवून काठावर बसलेला, एक पाय आत सोडून टेकायला जागा चाचपत होता. पायाखाली वीतभर अंतरावर एक चकचकीत वर्तुळ होतं. आऱ्या दिसतच नव्हत्या, इतक्या वेगात ती पुली फिरत होती. आवाज नाही. अकरा वर्षं ग्रीस न मिळालेली बेअरिंग किंचाळायला हवी होती.

मेहुण्याने पाय वर ओढून घेतला, चार हात मागे सरकला आणि म्हणाला, "ताई विधवा झाली नसती हो दाजी, पण तुम्हाला तिने घरात घेतलं नसतं."

मागून सुपरवायझर पोचला. दुप्पटने टॉर्च भिंतीवर फिरवला. स्टार्टरचं हँडल वर होतं. तांब्याच्या तारेने बांधलेलं. तार नवी कोरी, दुकानातून आत्ता आणल्यासारखी लखलखत होती. तीन पीळ. टोक आत वळवलेलं.

"कुणाचा हा चावटपणा?" सुपरवायझर म्हणाला. विटा आज सकाळी त्याच्याच समोर फुटल्या होत्या.

पुली थांबायची ते तिघं वाट बघत राहिले. रिकामी मोटर दोन मिनिटांत थांबते, फार तर तीन. दुप्पटने घड्याळ बघितलं. सतरा मिनिटं लागली. मधे सुपरवायझरला काहीतरी काम आठवलं आणि तो निघून गेला.

"मी नाही उतरत," मेहुणा म्हणाला.

"नको उतरूस. पण उद्या ते दुसऱ्या कुणाला तरी आणतील. त्याला हे कुणी सांगणार नाही."

मेहुण्याने एक शिवी दिली आणि चष्मा डोळ्यांवर ओढला.

दुप्पटने पॅनेलमधले तिन्ही फ्यूज काढले. परत येऊन टेस्टर लावला, मग मोटरची केबल करवतीने आरपार कापली. तिची तिन्ही टोकं भिंतीवर उघडी लोंबत राहिली. मग लोखंडी पाइप घेऊन तो आधी स्वतः खड्ड्यात उतरला. मोटरचं अंग अजून कोमट होतं. त्याने पुलीच्या आऱ्यांतून पाइप घातला, त्याचं टोक भिंतीला अडवलं आणि पाइपला पाठ लावून बसला.

"ये आता."

बॅटरीच्या दिव्यात मेहुणा काम करू लागला. पहिला बोल्ट सुटला, दुसरा सुटला. ठिणग्या दुप्पटच्या चपलेवर पडत होत्या. तिसरा अर्धा कापून झाला असताना दुप्पटच्या पाठीला पाइपचा हलका रेटा लागला. दार आतून लावलंय का, हे बाहेरच्याने हळूच ढकलून बघावं, तसा. थांबला. पुन्हा लागला, थोडा जास्त.

मेहुण्याने मान वर केली. "काय झालं?"

दुप्पटने दोन्ही टाचा समोरच्या भिंतीत घट्ट रोवल्या.

"काही नाही," तो म्हणाला. "तू कापत राहा. एकच राहिलाय."