भर दुपारचा दिवा

प्रियदर्शनी सिस्टर अंबडला नर्स होत्या. निम्म्या शहरातल्या लेकरांना सुया त्यांनीच टोचलेल्या. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. सप्टेंबरात मुक्तिसंग्राम दिनाच्या आठवड्यात पाऊलखुणा इतिहास मंडळाची व्याख्यानमाला असायची. त्या आठवड्यात त्या दरवर्षी ड्युटी बदलून घेत. बारव असो, शिलालेख असो की निजामाच्या काळातला सारा, त्या दुसऱ्या रांगेत जाऊन बसत. चिटणीस राधेश्याम सर त्यांना पाहिलं की म्हणत, "सिस्टर आल्या. आता करा सुरू."

त्या वर्षी विषय होता 'आपली गावं'. तिसऱ्या दिवशी सिस्टरांच्या माहेरच्या गावाची पाळी आली. गाव तासाभरावरचं, नाव इथं घेत नाही. वक्ते त्याच गावचे निवृत्त मुख्याध्यापक. गढी सांगून झाली, देऊळ सांगून झालं, रझाकारांशी गाव कसं लढलं तेही झालं. मग ते म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर साली पश्चिमेच्या वस्तीत दिवा कलंडून आग लागली. एक वृद्ध दगावले. पण सगळं गाव घागरी घेऊन धावलं. एकी असावी तर अशी."

ते वृद्ध म्हणजे पुंजाराम, सिस्टरांचे आजोबा.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडाभर दलित वस्त्यांची जाळपोळ चालू होती, तेव्हाची ही गोष्ट. सिस्टर पाच वर्षांच्या होत्या. आईवडील खुरपणीला गेलेले. बाहेर ओरडा झाला, छपरातून धूर आला. आजोबांनी चाचपडत तिला उचललं आणि मागच्या खिडकीतून बाहेर ढकललं. "पळ. मायकडं पळ. मागं बघू नको." ती पळाली. मागं पाहिलंच नाही.

सिस्टर उभ्या राहिल्या. "सर, तेव्हा भर दुपार होती. आणि माझ्या आजोबांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. मग दिवा लावला कुणी? आणि कशाला?"

मुख्याध्यापक कागद चाळू लागले. राधेश्याम सरांनी माइक घेतला, हळूच म्हणाले, "इतिहासात भावनेला जागा नसते, सिस्टर," आणि लगेच आभार मानायला लागले. मागच्या रांगेत त्या गावची माणसं होती. त्यातल्या एकानं सगळं मोबाइलवर घेतलं होतं.

सिस्टर घरी पोचायच्या आत धाकट्या भावाचा, अंगदचा, फोन आला. तो जळितानंतर जन्मलेला. गावात दोन एकरांवर बायकोला आणि आईला, दुर्गाबाईला, घेऊन राहायचा.

"ताई, काय बोललीस तू तिथं?"

"जे झालं तेच."

"झालं ते समद्यांला म्हाईत हाय. ते बोलायचं न्हाई, हेबी समद्यांला म्हाईत हाय."

गावात कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. ऑक्टोबरात अंगदनं सोयाबीन कापून ढिगाची सुडी रचली. मळणीयंत्रवाला रोज म्हणायचा, "उद्या येतो." शेजारच्या वावरात यायचा, तिथून परत जायचा. दुसऱ्या यंत्रवाल्याला सांगितलं, तर त्यालाही अचानक वेळ नव्हता. मग परतीचा पाऊस लागला. ताडपत्रीखाली पाणी शिरलं.

सिस्टर रजा टाकून गेल्या. बहीणभाऊ हातानं सुडी उपसू लागले. आतून कोमट वाफ येत होती, कुबट वास मारत होता. शेंगांतून पांढरे मोड फुटलेले. दुर्गाबाई बांधावर बसून होती.

तेवढ्यात राधेश्याम सर चिखल तुडवत आले. पावसाचं बोलले, तब्येतीचं बोलले, मग मुद्द्यावर आले. "व्याख्यानांची पुस्तिका छापायला द्यायची आहे. सिस्टर, तुम्ही एवढंच म्हणा, की मी लहान होते, नीट आठवत नाही. मग मी गावाशी बोलतो. वरचं जरा बरं दिसतंय, तेवढं तरी मळून होईल."

सिस्टरांनी अंगदकडं पाहिलं. तो मान खाली घालून मोड आलेल्या शेंगा बाजूला टाकत होता. सिस्टर हो म्हणणार होत्या. शब्द ओठांपर्यंत आला होता.

"ती ल्हान व्हती, खरंय," बांधावरून दुर्गाबाई बोलली. "म्या न्हवते ल्हान."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"म्या वावरातून समद्यांच्या आधी पळत आल्ते. दाराला कडी व्हती. भाईरून. तापली व्हती, तशीच काढली. मामंजी दाराच्या आतच पडले व्हते. हे छापा तुमच्या पुस्तकात. जमत न्हाई तर गावाचं नाव काढून टाका."

राधेश्याम सर "बरं, येतो," म्हणाले आणि गेले. पुस्तिका निघाली, तिच्यात ते गावच नव्हतं.

सोयाबीन सडून गेलं. दिवाळीनंतर अंगद बायकोला घेऊन जालन्याला गेला, सळईच्या कारखान्यात लागला. आई सिस्टरांकडं आली. कडीचं सिस्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं होतं. भाकरी थापता थापता त्यांनी एकदा विचारलंच, "माय, मला का सांगितलं न्हाईस?"

"तुला शिकायचं व्हतं," आई म्हणाली. "तुझ्या बापालाबी सांगितलं न्हाई. त्याला रोज त्यायच्याच वावरात कामाला जायचं व्हतं."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते मरेपर्यंत त्याच शेतांत राबले.

पुढच्या सप्टेंबरात मंडळाची पत्रिका आली नाही. सिस्टरांनी ड्युटी बदलून घेतली नाही. अंगद सणावाराला येतो. भट्टीच्या धगीनं त्याचा चेहरा काळवंडलाय. आईपाशी बसतो, तिचे पाय चेपतो. बहिणीशी बोलतो, पण विचारलं तेवढंच. गावाकडचं वावर पडीक आहे. अर्ध्या वाट्यानं, बटईनं, करायला कुणी तयार होत नाही.