एक जादा मेणबत्ती

मेणाचा आणि झेंडूचा वास एकत्र आला, की मला पोर्तुगालमधलं ते समुद्रकाठचं गाव आठवतं. मी एकटीच फिरत होते आणि नेमका मृतांचा दिवस आला. घरमालकीण आजी मला दफनभूमीत घेऊन गेली. धुक्यात साऱ्या कबरी तेवत होत्या, अगदी आमच्या वसईजवळच्या नंदाखाल गावातल्यासारख्या. एका कोपऱ्यात नुसत्या मातीवरच तिने मेणबत्ती लावली. "ही जहाजांतून गेलेल्यांची," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "कुठे पुरले, कोणाला ठाऊक!" मला वसईच्या किल्ल्यातले पोर्तुगीज नावं कोरलेले कबरींवरचे दगड आठवले. "काहीजण आमच्याकडे आहेत," मी म्हटलं. तिने माझा हात घट्ट धरला. "मग तिथे लावतं का कोणी?" आता दरवर्षी त्या दिवशी घरच्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या, की आई एक मेणबत्ती माझ्या हातात देते. म्हणते, "जा, अंधार पडायच्या आत किल्ल्यात जाऊन ये."