खुंटावरची माती

मला माणसांचा संशय फार लवकर येतो. खोडच आहे ती माझी. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात आमच्या ह्यांना ती कळली आणि त्यांनी हसण्यावारी नेली. दुष्काळाच्या वर्षी मात्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसरबीडच्या अलीकडे पाझर तलावाचं काम निघालं होतं. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. कामावर सुट्या माणसाला घेत नसत, टोळी लागायची. आणि आम्हाला टोळीत घ्यायला कोणी धजेना. शेवटी माळ्याच्या एका म्हातारीनं घेतलं. तिची विहीर आटली होती, वांग्या-मिरचीचा मळा उभ्यानं वाळला होता. ती, तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि आम्ही दोघं, अशी टोळी झाली. तिला सगळेच मावशी म्हणायचे. मला सहावा महिना होता. या टोळीतून निघालो तर दुसरी टोळी नाही आणि काम नाही. मग बिऱ्हाड डोक्यावर घेऊन अनोळखी मुलखात जाणं आलं. पोटातल्या जिवाची काळजी घेत मी घमेली उचलत होते.

भानगड होती रविवारची. कामाची सुट्टी बाजाराच्या दिवशी असायची. रविवारी काम चालू, आणि आमचे हे रविवारी टिकावाला हात लावत नसत. घरातच पुस्तक उघडून बसायचे, वाचायचे, प्रार्थना करायचे. मी एकदा फणकारले की उपाशी पोटाला कुठला आलाय वार? त्यांनी ऐकून घेतलं आणि आपलं तेच चालू ठेवलं. रविवारची आपल्या वाट्याची खोदाई ते सोमवारी झुंजूमुंजू असताना एकटे जाऊन उरकायचे. मावशीला ते चालायचं. तिच्या थोरल्याच्या मात्र पोटात दुखायचं. पाण्याच्या वेळी, जेवणाच्या वेळी तो आमच्याकडे असा बघायचा की मी त्याच्याकडे पाठ करून जेवायचे. हा आपल्याला काढणार, हे मी ओळखून होते.

आता खुंटाचं सांगते. खड्डा खोदताना मधोमध थोडी जमीन तशीच ठेवायची, खुंटासारखी. माप घ्यायला कारकून आला की खुंटाच्या डोक्यापासून तळापर्यंत पट्टी लावायचा आणि किती खोल गेलो ते त्याला कळायचं. खुंट उंच तर काम जास्त. म्हणून कोणी कोणी खुंटावर ओली माती थापायचे, वरून वाळकं गवत खोचायचे. कारकुनांनाही ते पाठ होतं.

त्या सोमवारी कारकून आमच्या खड्ड्यात उतरला आणि त्यानं खुंटाला बुटाची एक ठोकर दिली. वरची वीतभर माती टोपी पडावी तशी खाली पडली. तो ओरडला नाही. आठवड्याचं माप घेणार नाही, म्हणजे मजुरीही नाही, म्हणाला, आणि पुन्हा असं दिसलं तर सगळी टोळी घरी बसेल असं सांगून पुढच्या खड्ड्याकडे गेला.

सगळ्यांच्या नजरा आमच्या ह्यांच्यावर. पहाटे एकटं कोण होतं? हेच. खरं सांगायचं तर माझीही नजर तिकडेच गेली. सकाळी मी आले तेव्हा आमचं मातीचं मडकं अर्धं झालं होतं. विचारलं तर म्हणाले, तहान लागली होती. टँकरच्या पाण्याचे आम्ही घोट मोजून घ्यायचो आणि हा माणूस अर्धं मडकं पाणी प्याला? माती भिजवायला किती पाणी लागतं, याचा हिशोब माझ्या डोक्यात सुरू झाला.

थोरल्यानं फर्मान काढलं की प्रत्येकानं खड्ड्यातली माती हातात घ्यायची आणि देऊळगावच्या बालाजीची शपथ घ्यायची. आम्हाला बालाजी चालत नसेल तर आमच्या पुस्तकाची घ्यावी. जो घेणार नाही तो टोळीच्या बाहेर. पहिली मावशी पुढे झाली. तिनं माती उचलली, डोळे मिटले आणि शपथ घेतली. मग मुलगे, सुना, आणि मीही. मी कसलाच विचार केला नाही, मला काम हवं होतं.

आमचे हे जागचे हलले नाहीत. "आमच्यात शपथ घ्यायची मनाई हाय," ते म्हणाले. "म्या नाही केलं. एवढंच सांगतो."

अरे देवा! मनाई म्हणे! माझ्या अंगाचा भडका उडाला. सगळ्या जगाला जे सोपं, ते ह्यांना अवघड. थोरला हसला आणि म्हणाला, झालं, कळलं सगळ्याइले. आम्ही टिकाव-घमेली उचलली आणि घरी आलो.

दिवे लागायची वेळ होती. मी पुस्तक फळीवरून काढलं आणि ह्यांच्यापुढे आपटलंच म्हणा ना.

"त्याइच्यापुढं नोका घेऊ," मी म्हटलं. "माह्यापुढं घ्या. ठेवा हात."

मला वाटलं, हे चिडतील, उठून जातील. तसं काही केलं नाही. त्यांनी पुस्तकावर हात ठेवला, "म्या नाही केलं" म्हणाले आणि हात काढून घेतला. जेवायच्या आधीची प्रार्थना आजवर त्यांनी कधी चुकवली नव्हती. त्या दिवशी मला म्हणाले, तूच कर. मला धड शब्दही सुचले नाहीत. आणि भाकरी मोडतानाही माझ्या डोक्यात ते अर्धं मडकंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी दारात येऊन बसली. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"पोरी, खुंटावरची माती म्या थापली," ती म्हणाली. "रईवारी सांजच्याले, पोरं घरी गेल्यावर. माप कमी भरलं तर थोरला तुमाले काढणार होता. म्हटलं, वीतभर मातीनं निभते."

मी शपथेचं विचारलं.

"घेतली खोटी. बालाजीचं मी पाहून घेईन. पण ज्याले खरी घेता येत होती, त्यानं घेतली नाही. रातभर मले तेच दिसे." पोरांना तिनं सगळं सांगून टाकलं होतं. थोरला चार दिवस तोंड फुगवून बसेल, पण तुम्ही उद्या या, म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकत उठली.

मी धावत आत गेले. हे टिकावाचा दांडा ठोकून बसवत होते. मावशीनं केलं होतं, मी म्हटलं, तुम्ही नव्हतं केलं!

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "म्या काल सांगतलं होतं तुले."

त्यांचा आवाज चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो, तलाव पुरा झाला, मुलगी झाली, पुढे उभा संसार झाला. ते जाईपर्यंत पुस्तकाशेजारी रोज बसत राहिले आणि मीही बसत राहिले. पण पुस्तकावर हात ठेवून त्यांनी सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. मावशीनं सांगितल्यावर वाटलं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही.