साठ चिंचोके

शैला गेल्याचं मला चुडाव्याच्या स्टेशनवर कळलं. गाडीची वाट बघत होते, फोन आला, आणि मी पलीकडच्या माणसावरच खेकसले, "काहीतरीच काय बोलता, दुपारीच बोललोय आम्ही." सहा आठवडे झाले... मनातल्या मनात अजून तेच म्हणते आहे.

बाल कल्याण समितीत आम्ही दोघी शेजारी बसायचो. मूल सांभाळणं अशक्य झालेली आई आमच्यासमोर ते सोपवून जाते. फेरविचाराला तिला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात ती आली नाही, तर मूल दत्तकासाठी मुक्त झाल्याचा आदेश निघतो आणि आईचा हक्क संपतो. कागदावर हे फार सोपं दिसतं.

काशीबाई सोनपेठकडची, मेंढरामागं फिरणारी. नवरा गेलेला, पदरात चार महिन्यांची मुलगी. अंगठा उठवताना तिनं विचारलं, "पुन्ना कवा येऊ?" साठाचा आकडा तिला अवघड जाईल म्हणून शैला म्हणाली, "दोन महिन्यांच्या आत ये, बाई." ती आली नाही. बासष्टाव्या दिवशी आम्ही आदेशावर सह्या केल्या. पहिली माझी.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी काशीबाई दारात उभी. हातात नवं झबलं. मुलगी तोवर लांबच्या शहरात, दत्तक पालकांच्या घरी पोचली होती. "किती उशीर केलास," मी चढ्या आवाजात म्हणाले. तिनं उलट मलाच विचारलं,

"उशीर कवा केला? दोन महिनेबी भरले न्हाईत. मधला धोंड्याचा हाय, त्याला कोन मोजतंय?"

अधिक महिना... त्याच महिन्यात मी जावयाला घरी बोलावून अनारसे वाढले होते. तरी तोंडातून निघालं ते हेच, "कायद्यात धोंडा नसतो." त्या वाक्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. पुढं शैलानं वरपर्यंत अर्ज केले, पण मुलगी परत आली नाही.

मग एके दिवशी शैला घरून चिंचोके घेऊन आली. मूल सोपवणाऱ्या प्रत्येक आईला साठ मोजून कापडी पिशवीत द्यायला लागली. "रोज सकाळी एक फेकायचा. पिशवी रिकामी व्हायच्या आत ये. महिने मोजू नको." मी चिडवायची, "समितीत चौसर मांडतेस की काय?" ती हसायची नाही.

परवा गंगाखेडची एक तरुण आई आली आणि तिनं पिशवी टेबलावर उपडी केली. दोन चिंचोके पडले. "लेकरू न्यायला आलेय. ताई कुठं हायत? त्यांला दाखवायचं व्हतं, येळेत आले म्हून." ताई गेल्याचं सांगितलं, तशी तिनं ते दोन चिंचोके उचलून पदराच्या गाठीत बांधले. मी तारखा ताडून पाहिल्या. अठ्ठावन्न दिवस झाले होते. तिचं मूल तिला मिळालं.

ती गेल्यावर मी पहिल्यांदाच शैलाच्या टेबलाचा खण उघडला. भरून ठेवलेल्या सात पिशव्या निघाल्या. त्यांच्याखाली आणखी एक होती, जरा मोठी, जुनी, वर पेनानं लिहिलेलं, 'काशीबाई'. फरशीवर बसून मी चिंचोके मोजले, पुन्हा मोजले. नव्वद होते... धोंड्याच्या महिन्यासकट.