अ‍ॅस्क्लेपिअसची बाजू घेणारे सर

आमच्या सरांना ‘आता काही उपयोग नाही’ हे वाक्य चालत नसे. पश्चिम लंडनमधल्या ज्या हॉस्पिटलात मी नागपूरहून येऊन ज्युनिअर डॉक्टर म्हणून लागले, तिथल्या आयटीयूचे, म्हणजे अतिदक्षता विभागाचे, ते कन्सल्टंट. एखाद्या वॉर्डात कुणाचं हृदय बंद पडलं की आम्ही धावत सुटायचो आणि पोचून पाहावं तर सर आधीच तिथे, बाह्या सारून, पेशंटची छाती दाबत. वीस मिनिटं व्हायची, अर्धा तास व्हायचा. कुणीतरी हळूच घड्याळाकडे बघायचं. सर मान वर न करता म्हणायचे, “अजून पाच मिनिटं. कॅरी ऑन.” त्या पाच मिनिटांत परत आलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. म्हणून त्यांना कुणी उलट बोलत नसे.

असाच एक बसड्रायव्हर तीन महिन्यांनी आपल्या पायांनी चालत मिठाईचा डबा घेऊन आला होता. सरांनी त्याला वॉर्डभर फिरवलं, नर्सेसना दाखवलं. पण काही माणसं परत यायची ती नुसती श्वासापुरती. त्यांचे डोळे उघडे असत आणि ओळख कुणाचीच नसे. अशा पलंगापाशी सरांचा राउंड जरा भरभर उरकायचा. हे माझ्या लक्षात आलं होतं.

रविवारी ते मला ईलिंगच्या घरी जेवायला बोलवत. मूलबाळ नव्हतं, घरात सर आणि सुधाकाकू. काकू लायब्ररीत अर्धा दिवस काम करत आणि आठवड्यातून एकदा ग्रीक पुराणकथांच्या वर्गाला जात. वर्गात जे ऐकलं ते रविवारी पानावर वाढलं जायचं. सरांची आवडती गोष्ट एकच. अ‍ॅस्क्लेपिअस हा अपोलो देवाचा मुलगा, ग्रीकांचा धन्वंतरीच. आजारी माणसं बरी करता करता त्यानं एक दिवस मेलेला माणूस उठवला. पाताळाच्या राजानं झ्यूसकडे तक्रार नेली, असंच चाललं तर माझ्या राज्यात येणार कोण? झ्यूसनं वीज टाकून अ‍ॅस्क्लेपिअसला जाळलं.

“झ्यूस चुकला,” सर दर वेळी म्हणायचे. “टोटली अनफेअर. माणूस वाचवला हा काय गुन्हा झाला?”

“अहो, वाचवला म्हणून नाही,” काकू म्हणायच्या. “मरणसुद्धा आपलं ऐकतं असं त्याला वाटायला लागलं, म्हणून. ते लोक त्याला ह्यूब्रिस म्हणतात. नुसता गर्व नव्हे. माणसानं आपली पायरी विसरणं.”

“पायरी विसरलो नसतो, तर अजून साताऱ्यात असतो,” असं म्हणून सर भात मागून घ्यायचे.

दोन वर्षांनी काकूंना कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, सहा महिने बरे गेले आणि दुखणं पुन्हा उलटलं. सरांनी चार कन्सल्टंटांची मतं घेतली. पहिल्या तिघांनी आता त्रास कमी करण्याकडे बघावं असं सांगितलं. चौथ्यानं आणखी एक औषध सुचवलं. सरांनी चौथ्याचं ऐकलं. त्या औषधानं काकू इतक्या खंगल्या की न्यूमोनिया होऊन आमच्याच हॉस्पिटलात दाखल झाल्या.

ड्यूटी संपली की मी त्यांच्याजवळ बसायची. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला.

“वैदेही, माझं हृदय थांबलं तर मला उठवायचं नाही. इथल्या डॉक्टरीणबाईंशी बोलले मी. तसं लिहून घेणारा फॉर्म करू म्हणाल्या. मीच म्हटलं, आधी यांना सांगू द्या. तीन दिवस झाले गं, तोंड उघडवत नाही. तू सांगशील?”

मी हो म्हणाले.

“तुला एक गंमत सांगू? वर्गात बाईंनी विचारलं होतं, अ‍ॅस्क्लेपिअसला शिक्षा झाली ते योग्य होतं का? सगळे हो म्हणाले. मी एकटी त्याच्या बाजूनं भांडले. घरी कसं सांगणार? हे आणखी चेकाळले असते.” हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

मी सरांच्या ऑफिसात गेले. ते काकूंचे एक्स-रे उजेडावर धरून बघत होते. “बघ, उजवीकडे किती क्लिअर झालंय,” म्हणाले. क्लिअर काही झालेलं नव्हतं. मी म्हटलं, “सर, काकू म्हणत होत्या...” ते म्हणाले, “घाबरलीय ती. तू तिला धीर दे.” मी “हो सर” म्हणून बाहेर आले. उद्या सांगू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत काकूंचं हृदय थांबलं. सर तिथेच बसलेले होते. आपल्या माणसावर आपण उपचार करायचे नसतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. मी टीमबरोबर पोचले तेव्हा ते काकूंच्या छातीवर दोन्ही हात रोवून उभे होते. काकूंच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. “अ‍ॅड्रिनलिन!” ते ओरडले. सिरिंज माझ्या हातात होती. त्या खोलीत मला एकटीला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी सुई टोचली.

बावीस मिनिटांनी हृदय सुरू झालं. सर भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. “आली. आली परत.”

काकू परत आल्या नाहीत. व्हेंटिलेटरवर त्या अकरा दिवस होत्या. डोळे उघडे; बोलणं नाही, हालचाल नाही. सर सकाळपासून स्टुलावर बसत. आधी त्यांना हाका मारत, मग साताऱ्याच्या आठवणी सांगत, मग नुसते हात जोडत. ज्यानं कधी देवापुढे उदबत्ती लावली नाही तो माणूस मला म्हणाला, “वीज माझ्यावर पडायला हवी होती. हिच्यावर का? हिनं काय केलं होतं?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. काकूंचं बोलणं, ऑफिसातून मी परत फिरले ते, सिरिंज. ते बराच वेळ काकूंच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले.

“तू सांगितलं असतंस तरी मी थांबलो नसतो,” ते म्हणाले. “हे ओझं तू घेऊ नकोस.” नंतर स्वतःच उठून नर्सला म्हणाले, “प्लीज कॉल द कन्सल्टंट. इट्स टाइम.”

व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर काकू चाळीस मिनिटं होत्या. सरांनी एकदाही मॉनिटरकडे पाहिलं नाही.

त्यानंतर ते कामावर आले नाहीत. घर विकायला काढून साताऱ्याला बहिणीकडे जायचं ठरवलं. निघण्याच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. पुस्तकं खोक्यांत भरलेली होती, भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन होते. सरांचे कपडे अंगावर लोंबत होते.

“वैदेही, तू रोज तिला तपासायचीस,” त्यांनी विचारलं. “त्या अकरा दिवसांत तिला काही कळत होतं का?”

सर खोलीत आले की काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायचं. नर्सनं मला दाखवलं होतं. ते दुखण्याचं होतं, रागाचं होतं, की नुसतेच उघड्या डोळ्यांतून गळणारे थेंब, कुणाला सांगता येणार?

“नाही सर,” मी म्हणाले. “काही कळत नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्यांनी अशा खोल्यांत काढली होती, आणि त्या स्टुलावरून ते काकूंचा चेहरा रोज बघत होते. माझं खोटं त्यांना कळलं नसेल असं मला आजही वाटत नाही.

“बरं,” ते म्हणाले आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठले.