‘बरंय’ म्हणू नका

तोमाशकाका कुत्र्यालाही ‘तुम्ही’ म्हणायचे. कोरेगाव भीमाला हायवेलगतच्या आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीसमोर एक लंगडा कुत्रा आडवा पडलेला असायचा. हा सहाफुटी पोलिश माणूस वाकून त्याला म्हणायचा, “तुम्ही जरा सरका.” मराठी शिकवणाऱ्यानं त्यांना ‘तू’ शिकवलंच नव्हतं, आणि पुढे कळल्यावरही त्यांनी ते वापरलं नाही. माझ्या आईचं आयुष्य दौंडच्या यार्डात रेल्वेचे डबे झाडण्यात गेलं. तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा ते उठून उभे राहिले. “तुम्ही बसा. चहा मी आणतो.” घरी परतताना आई म्हणाली, “साहेबाच्या तोंडचं ‘तुम्ही’ ऐकवायला पोलंडवरनं माणूस यावा लागला गं.”

हे वाक्य मी मथळ्यासारखं जपून ठेवलंय. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी चळवळीची पत्रकं आली. बाबा ती वस्तीत वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवायची.

टपरीजवळच्या कारखान्यात मी गाड्यांचे रंगवलेले भाग तपासायला होते, कंत्राटी. तोमाशकाका रंग विभागाची यंत्रं बसवायला आले होते. रंगामामा आमच्यातले सगळ्यात जुने. नाव रंगनाथ, काम रंगाचं, गाव मांडवगण फराटा. त्यांच्या जिभेवर ‘तोमाश’ कधी चढलंच नाही. “आला, तमाशा आला!” असं ते टपरीवरून ओरडायचे, आणि काका हात जोडून म्हणायचे, “तिकीट काढा!”

काकांसोबत कोरियाचे पार्कसाहेब असायचे. मराठीशी त्यांची ओळख नव्हती, पण बिहारी पोरांकडून शिकलेली हिंदी फर्डी होती. चहाऐवजी ते नुसतं गरम पाणी प्यायचे आणि सगळे रोग त्यानंच जातात म्हणायचे. मिसळीवरून काकांचं आणि त्यांचं भांडण ठरलेलं. एकदा गप्पा लढाईवर आल्या. काका म्हणाले, “आमच्या शेजारी युद्ध चालू आहे.”

“शेजारी? कशावरनं, बांधावरनं का?” मामांनी विचारलं.

काकांनी ‘बांध’ म्हणजे काय ते विचारून घेतलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “हो. बांधावरूनच.”

“मंग आमच्या मांडवगणासारखंच हाय की!”

हसता हसता मामांना खोकला आला. तो थांबेचना.

खोकला आमच्या सगळ्यांनाच होता. रंगाच्या खोलीतली वाफ बाहेर ओढणारा पंखा नावापुरता फिरायचा. नवा बसवायचा की नाही, हे वरचे अधिकारी ठरवणार होते. त्याआधी त्यांनी काकांना कामगारांची तब्येत विचारून यायला सांगितलं. काका प्रत्येकापाशी गेले आणि स्वच्छ मराठीत विचारलं, “कसं आहे?” प्रत्येकजण म्हणाला, “बरंय.” काकांनी मीटिंगमध्ये जाऊन तेच सांगितलं. पंखा रद्द झाला.

टपरीवर मी पेटलेच. “काका, आमचा पंखा घालवलात तुम्ही!”

“पण मी सगळ्यांना विचारलं. सगळे बरे आहेत.”

“इथं तिरडीवरच्या माणसाला विचारा, तोही ‘बरंय’ म्हणेल!”

“मंग काय सांगायचं साहेबाला?” मामा म्हणाले. “मरतोय म्हणून?”

पार्कसाहेब गरम पाण्याचा ग्लास फिरवत म्हणाले, “हमारे यहाँ भी यही है. साहब पूछेगा तो आदमी ठीक बोलेगा. फिर सीधा अस्पताल.”

काकांनी चहा खाली ठेवला. “प्रश्न चुकला माझा. बरोबर प्रश्न कोणता?”

“आमचा डाक्टर इचारतो, जेवान जातंय का?” मामा म्हणाले.

काका तिथल्या तिथं मामांकडे वळले. “मामा, तुम्हाला जेवान जातंय का?”

मामा म्हणाले, “न्हाई ओ. घास उतरत न्हाई. भाकरीला रंगाची चव येती.”

काका दुसऱ्या दिवशी वर जाऊन “मी चुकलो” म्हणून आले. मॅनेजर स्वतः पाहायला येतील, एवढंच उत्तर मिळालं. टपरीवर काका मला म्हणाले, “पत्रकांवर बंदी होती त्या वाईट काळात माझे वडील तळघरात पत्रकं छापायचे. कागद कमी. म्हणून एका पत्रकात एकच वाक्य.” मी त्याच बाकावर बसून माझं वाक्य लिहिलं: ‘बरंय’ म्हणू नका. शिफ्ट सुटेपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी होतं.

मॅनेजर आले. “काय मामा, बरंय ना?”

हात थांबले. कंत्राटी माणसाला ‘उद्या येऊ नको’ म्हणायला कारण लागत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आयुष्यभर विचार न करता तोंडातून निघालेला तो शब्द मामांनी गिळला.

“न्हाई साहेब. बरं न्हाई.”

मॅनेजर पुढच्याकडे वळले. “बरं न्हाई.” त्याच्या पुढचा म्हणाला, “बरं न्हाई.” मी म्हणाले, “बरं नाही, साहेब.” अशी रांग शेवटच्या माणसापर्यंत गेली. मॅनेजर काकांवर उखडले. “तुम्ही तर म्हणाला होतात सगळे ठीक आहेत!”

“मी चुकीचं सांगितलं,” काका म्हणाले. “हे खरं सांगतायत.”

त्या दिवशी खाली ठेवलेल्या रंग फवारायच्या बंदुका नवा पंखा फिरेपर्यंत कुणी उचलल्या नाहीत. एकाचंही काम गेलं नाही. परदेशी साहेबानं पंखा आणून दिला, असं कुणी म्हणालं की मी आजही भांडते. काकाही भांडायचे. “माझा फक्त प्रश्न चुकला. उत्तर यांचं आहे.”

काकांचा करार संपला. त्यांना रेल्वेनं देश बघत दिल्लीला जायचं होतं, म्हणून गाडी दौंडहून धरली; आम्ही सगळे सोडायला गेलो. आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. पार्कसाहेबांनी गरम पाण्याचा थर्मास दिला. गाडी हलली तेव्हा काका दारात उभे होते, भाकरीचा पहिला घास तोंडात.

मामा गाडीबरोबर चालू लागले. मग चक्क धावू लागले, खोकल्याशिवाय.

“तमाशासाहेब! जेवान जातंय का?”

“जातंय!” भरल्या तोंडानं काका ओरडले. “तुमचं?”

अख्खा फलाट वळून बघेल अशा आवाजात मामा म्हणाले, “आता जातंय!”